'महजर' : अर्थ आणि मूळ

साष्टीतील चेण्यासारख्या गावी जप्ती किंवा स्थळपाहणी झाली म्हणजे पंचांसमक्ष जो कागद होतो, त्यास पंचनामा म्हणतात. तोच कागद कर्नाटकात किंवा केरळात 'महजर' ठरतो. मराठी दप्तरांत मात्र महजर म्हणजे बहुधा वतनाच्या वादाचा लेखी निर्णय. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आले कोठून, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. तो न सोडविता दप्तर वाचणाऱ्याची फसगत होते.

शब्द अरबी आहे. 'हजर', 'हजेरी', 'हुजूर' ज्या धातूपासून आले त्याच धातूचा हा विस्तार. मूळ अर्थ उपस्थिती, आणि त्यावरून उपस्थितांनी साक्ष घातलेला लेख. निर्णय हा अर्थ मुळात नाहीच. अकबराच्या दरबारी १५७९ मध्ये उलेमांनी मान्यता दिलेला प्रसिद्ध महजर कोणत्याही दाव्याचा निकाल नव्हता.

दक्षिणेत या शब्दास निर्णयाचा अर्थ का चिकटला असावा, याचे उत्तर गोतसभेच्या रीतीत सापडते. वादी-प्रतिवादी होणारा निर्णय मानण्याबद्दल आधी राजीनामा देत (आज नोकरी सोडताना देतात तो नव्हे; त्यातील 'राजी' तेव्हा शाबूत होता), जामीन देत, तकरिरी लिहून देत. पुढे निर्णयाचा कागद होई, त्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशी 'हाजीर मजालस' नावनिशीवार नोंदली जाई. पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्यारांची. हरलेला पक्ष जिंकणाऱ्यास येजितखत लिहून देई. कारणमीमांसा महजरांतही असे. पण वतन टिके ते गोताने पाहिले, ऐकले आणि निशाणी केली म्हणून. त्यामुळे उपस्थितीचा शब्दच निर्णयाचा शब्द झाला, असे आम्हांस वाटते.

'निवाडपत्र' या शब्दात 'निवडणे' आहे, स्मृतिग्रंथांतील 'जयपत्रा'त जिंकणारा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील 'न्यायनिर्णय' म्हणजे तर हुकूमनाम्याची किंवा आदेशाची न्यायाधीशाने दिलेली कारणे. तेथे उपस्थितांची गणना अर्थाचा भाग नाही.

वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला ग्रंथ महजर व निवाडपत्रे यांच्याच आधारे रचला. तथापि मथळ्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे. महजरात दोन्ही पक्षांच्या तकरिरी नसतील, येजितखताचा उल्लेख नसेल आणि गावकऱ्यांनी केवळ आपणांस ठाऊक असलेली हकीकत सांगितली असेल, तर तो कागद निवाड्यापेक्षा चेण्याच्या पंचनाम्यास जवळचा समजावा.