बाळाचे नाक चोंदले, आता काय करावे?

दिवाळी सरली की नगर जिल्ह्यात थंडी बोचू लागते. राज्यातील कमी तापमानाच्या नोंदींत नगरचे नाव अनेकदा वर असते. त्याच सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि संगमनेर-कोपरगावपासून नेवासे-राहुरीपर्यंत उसाच्या फडांशेजारी कोप्या उभ्या राहतात. पहाटेचा गारठा, चुलीचा धूर आणि एकाच खोलीत झोपणारे पाच-सहा जण असे जमून आले की घरातल्या सगळ्यात लहानाचे नाक आधी गळते. मग रात्री ते चोंदते. बाळ दूध ओढायला जाते, श्वास कोंडतो, तोंड सोडते आणि रडते. घर जागे ते जागेच.

वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे हे नेहमीचेच आहे. बहुतेक वेळा ती विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरते. खोकला त्याहून थोडा रेंगाळतो. प्रतिजैविकांचा या विषाणूंवर काही उपयोग नसतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे लगेच प्रतिजैविक हवे, हा समजही चुकीचा आहे. मोठा माणूस नाक शिंकरून मोकळा होतो, एवढ्या लहान मुलाला ते जमत नाही. शिवाय नाक केवळ शेंबडाने बंद होत नाही. आतले अस्तर सुजते आणि मुळातच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. त्यामुळे कितीही ओढून काढले तरी नाक पूर्ण मोकळे होईल अशी अपेक्षा धरू नये. दूध पिता येईल आणि झोप लागेल एवढे मोकळे झाले की पुरे.

त्यासाठी सर्वांत साधा उपाय म्हणजे मिठाचे पाणी. औषधाच्या दुकानात सलाइनचे नाकात घालायचे थेंब स्वस्तात मिळतात, तेच उत्तम. ते नसतील तर पाव लिटर पाणी उकळून गार करावे आणि त्यात छोटा चमचा अर्ध्याहून थोडा कमी भरेल इतके मीठ विरघळवावे. चव अश्रूंइतकी खारट असावी, त्याहून जास्त नको. हे पाणी रोज ताजे करावे, उरलेले फेकून द्यावे. बाळाला मांडीवर आडवे घेऊन खांद्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडावेत आणि मिनिटभर थांबावे. घट्ट शेंबूड सैल होतो, पुष्कळदा बाळ शिंकते आणि काम तिथेच होते. नाही झाले तर रबरी पंप वापरावा. तो नाकाबाहेरच दाबावा, दाबलेल्या स्थितीत टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवावे आणि मग हळूच सोडावा. टोक आत खुपसू नये. नंतर पंप साबणाच्या गरम पाण्याने आतूनही धुवावा. पंप नसेल तर स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात करून नाकपुडीच्या कडेचा शेंबूड टिपून घ्यावा. दूध पाजण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी, दिवसातून तीन-चार वेळा हे पुरते. सारखे ओढत राहिले तर अस्तर आणखी सुजते.

आजीच्या उपायांपैकी काही निरुपद्रवी असतात, काही मात्र धोक्याचे. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यात कापूर नको. कापूर चुकून पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापराचे मलमही दोन वर्षांखालील मुलांना लावू नये. नाकात तेल सोडण्याची रीत तर बंदच व्हावी. ते तेल फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. धुरी दिल्याने नाक मोकळे होत नाही, उलट श्वासनलिका चिडते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मूल धरणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण.

आणि सर्दीची औषधे? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी घेतले. त्यातल्या अनेक मुलांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितले, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाले होते. तरीही शेजारणीकडची अर्धी बाटली आजही घरोघरी फिरते. मोठ्यांचे नाक मोकळे करणारे थेंब तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलाच्या नाकात जाऊच नयेत.

खरी भीती सर्दीची नसते, ती छातीत उतरण्याची असते. ती ओळखायला दवाखानाच हवा असे नाही. जिल्ह्यातल्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींच्या हाती वाळूचे घड्याळ आणि मण्यांचे यंत्र दिले, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्या प्रयोगात घटले आणि १९९० मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

हीच मोजणी घरी करता येते. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक भरले तर थांबू नये. पोट उडत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पीतच नसेल किंवा गुंगीत असेल तर रात्र असली तरी १०८ ला फोन करावा. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर तो सर्दीचा नसावा. हरभरा, ज्वारीचा दाणा, मणी, खडूचा तुकडा, काहीही आत अडकलेले असू शकते. घरी चिमट्याने ओढायला जाऊ नये, ते आणखी आत सरकते. मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे.