मालेगावचा सुपरमॅन : अल्पखर्ची विडंबनपटाचे स्वरूप व सामाजिक आशय

प्रस्तावना :
विडंबन हा मराठी वाचकास परिचित असलेला प्रकार आहे. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' प्रसिद्ध करून त्यास काव्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. मूळ कृतीचा साचा तसाच ठेवावयाचा व त्यात विसंगत आशय भरावयाचा, हे विडंबनाचे मुख्य तंत्र होय. चित्रपटात हेच तंत्र अत्यल्प खर्चात कसे राबविले जाते, याचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे आढळते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
गिरणा व मोसम या नद्यांच्या संगमावर वसलेले मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. दिवसरात्र मागावर राबणाऱ्या कामगारास शुक्रवारची सुटी मिळते आणि त्या दिवशी चित्रपट पाहणे हा त्याचा आवडता विरंगुळा असतो. व्हिडिओगृह चालविणारे शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट तयार केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. चित्रीकरणासाठी सायकलचा उपयोग ट्रॉलीप्रमाणे व बैलगाडीचा उपयोग क्रेनप्रमाणे करण्यात आला. कलावंत गावातलेच होते. स्त्री-भूमिकांसाठी मात्र बाहेरगावच्या अभिनेत्री बोलवाव्या लागत. या निर्मितीची ही सामाजिक मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी.

महानायकाचे रूपांतर :
सुपरमॅन ही व्यक्तिरेखा १९३८ मध्ये अमेरिकन चित्रकथेत अवतरली. १९७८ च्या हॉलिवूडपटावर सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च झाले. मालेगावात तोच नायक साकारला शफीक शेख या किरकोळ अंगकाठीच्या यंत्रमाग कामगाराने. नायकास उडविण्यासाठी हिरव्या कापडासमोर चित्रीकरण करून मागील दृश्य संगणकावर बदलण्याची पद्धत अवलंबिली गेली. या निर्मितीप्रक्रियेवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. कॅमेरा पाण्यात पडण्यासारखी संकटे व त्यांवर केलेली मात त्यात दिसते.

याच नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'लंकादहन' (१९१७) व 'कालिया मर्दन' (१९१९) यांत छायाचित्रणाच्या युक्तीनेच अद्भुत दृश्ये साकारली होती. तथापि फाळके यांना प्रेक्षकाच्या मनात श्रद्धायुक्त विस्मय निर्माण करावयाचा होता. येथे युक्ती उघडी पडली तरी रसभंग होत नाही. जो अभाव झाकता येत नाही, तोच विनोदाचे साधन बनतो.

तुलना :
फिलिपाइन्समध्येही अशी परंपरा आहे. 'जेम्स बॅटमन' (१९६६) मध्ये विनोदी नट डॉल्फी यांनी बाँड व बॅटमन अशा दोन्ही भूमिका केल्या. १९९१ मध्ये 'आलियास बॅटमन एन रॉबिन' हा चित्रपट आला. संपन्न देशाचा महानायक स्थानिक बोली बोलू लागला की प्रेक्षक त्याला हसतो आणि त्याच वेळी त्याला आपलासाही करतो.

सामाजिक आशय :
मालेगावच्या सुपरमॅनचा शत्रू परग्रहावरील नाही. अस्वच्छता व तंबाखूचे व्यसन यांच्याशी त्याचा लढा आहे. शफीक शेख यांचे २०११ मध्ये कर्करोगाने निधन झाले. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये. या घटनाक्रमामुळे चित्रपटातील हास्यास कारुण्याची किनार लाभली आहे. शिवाय २००६ व २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे वृत्तपत्रांत शहराची जी प्रतिमा रूढ झाली, तिच्या पलीकडचे मालेगाव या चित्रपटांनी दाखविले.

निष्कर्ष :
विडंबनपट म्हणजे केवळ नक्कल नव्हे. नक्कल मूळ कृतीशी बरोबरी साधू पाहते, तर विडंबन दोहोंतील अंतर दाखवून देते. हे अंतर पैशाचे, देहाचे व संधीचे असते. त्यावर स्वतःच हसण्याचे धैर्य ज्या समाजात असते, तो केवळ प्रेक्षक न राहता निर्माता होतो. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' (२०२४) या चित्रपटाने या प्रवासाची दखल मुख्य प्रवाहात घेतली. स्थानिक कलानिर्मितीचा विचार तिच्या खर्चावरून न करता तिने जागविलेल्या आत्मविश्वासावरून करणे अधिक उचित ठरेल.