बारा पॉलिशवाल्या आणि एक फेसप्लेट

काही वर्षांपूर्वी जयनगर चौथ्या ब्लॉकजवळच्या एका शिंपीमास्तरांनी दुकान आवरताना आपले सिंगरचे हातमशीन मला दिले. मास्तर नामदेव शिंपी समाजातले. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. दर खंडेनवमीला ओले गंध आणि कुंकू लागून मशीनच्या फेसप्लेटवर, म्हणजे सुईकडच्या टोकावरच्या नक्षीदार पत्र्यावर, तपकिरी डाग पडले होते. ते घालवायला मी प्लेट फिरत्या चाकावर पॉलिश करणाऱ्या एका बफिंगवाल्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी ती आरशासारखी चकाकत आली, पण तिच्यावरची कोरीव वेलबुट्टी निम्मी पुसून गेली होती. जुन्या मशीनच्या धातूचा अभ्यास मी त्या दिवसापासून सुरू केला.

नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी सिंगरचा भारतात केलेला प्रसार किंवा उषा मशीनचा जन्म यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने पॉलिशकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

माझे मशीन सिंगरच्या 28के मॉडेलचे, खालचा दोरा नेणाऱ्या लांबट, बंदुकीच्या गोळीसारख्या शटलचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अशा मशीनचे चकाकणारे भाग म्हणजे पोलादावर निकेलचा मुलामा. निकेलला किंचित पिवळसर झाक असते. निळसर थंड चकाकी दिसली तर तो नंतरच्या काळातला क्रोम. हा मुलामा केसाहूनही कितीतरी पातळ असतो. फिरत्या बफला नक्षी आणि डाग यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही खातो, मग उघड्या पोलादावर बेंगळुरूच्या पावसाळ्यात गंज चढतो आणि गेलेले निकेल घासून परत येत नाही.

म्हणून आता मी प्लेट रात्रभर तेलात ठेवतो आणि सकाळी खडूची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून मऊ फडक्याने पुसतो. आत थिजलेल्या जुन्या वंगणाला रॉकेल चालते. काळ्या अंगावरच्या सोनेरी नक्षीला मात्र फक्त मशीनचे तेल. तिच्यावरचा लाखेचा थर स्पिरिटने विरघळतो. चिंच किंवा व्हिनेगर गंज सोडवतात, पण वेळ चुकला तर पोलादही खातात, आणि स्प्रिंग आम्लात भिजली तर ठिसूळ होऊ शकते. शटलच्या टोकाला पॉलिश कागद लावायचाच नाही. ते टोक थोडे जरी झिजले तरी दोऱ्याचा फास सुटतो आणि टाके गळतात. मास्तर टोकावरून नख फिरवून सांगत, “हे डोळ्यानं बघायचं नसतं.”

माझ्या मशीनच्या पाट्यावरचा, म्हणजे सपाट बैठकीवरचा, क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. ही मालिका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात 1910 पासून पडू लागली. त्या वर्षांत तिथे काय चालले होते ते शोधताना मला 1911 चा संप सापडला, आणि मी तिथेच थांबलो.

21 मार्च 1911 रोजी कॅबिनेट पॉलिश करणाऱ्या बारा बायकांनी काम थांबवले. पंधराजणींच्या गटातून तिघींना काढून त्यांचे काम उरलेल्या बाराजणींवर टाकले होते. काम वाढले आणि मजुरी घटली. एक-दोन दिवसांत कारखान्यातल्या सुमारे अकरा हजार कामगारांपैकी बहुतेक सगळे त्यांच्यामागे बाहेर पडले. कंपनीने कामगारांच्या घरी पोस्टकार्डे पाठवली आणि कामावर यायला तयार असाल तर सही करा, असे कळवले. संघटना बाजूला सारून एकेकट्या माणसाला त्याच्या उंबरठ्यावर गाठणारे ते पोस्टकार्ड मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत क्रूर वस्तू वाटते. 10 एप्रिलला संप संपला. पुढे सुमारे चारशे जणांना नोकरीवरून काढले. त्यांतली जेन रे 1922 मध्ये क्लाइडबँकची नगरसेविका झाली.

त्या बायका लाकूड चमकवत होत्या. माझी फेसप्लेट त्यांच्या हातून गेलेली नाही. तरीही त्यांचे भांडण मला माझ्या चुकीशी थेट जोडलेले दिसते. पॉलिशला लागतो तो वेळ. पंधरा हातांचे काम बारा हातांवर टाकले की तो वेळ चोरला जातो. मीही बफिंगवाल्याला दोन दिवसांच्या हातकामाचे पैसे द्यायला तयार नव्हतो. मी भाव केला, त्याने चाक लावले. दोष त्याचा नव्हता.

क्लाइडबँकचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव अजून ‘सिंगर’च आहे. जयनगरची फेसप्लेट मी तशीच अर्धी पुसलेली मशीनवर परत बसवली आहे, आणि मशीन शिवते आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्या माळ्यावरून असे मशीन खाली आले असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी पाट्यावरचा क्रमांक उतरवून घ्या. पॉलिशला द्यायचे ठरवलेत तर करणाऱ्याला हाताने काम करायला सांगा, आणि त्याच्या वेळेचे पूर्ण पैसे द्या.