इंजिन कव्हरचा रबरी रंग : धोका आहे, पण भलतीकडे

‘इंजिनावर रंग मारलाय? भर रस्त्यात पेटेल गाडी!’ बॉनेटखालचं काळं प्लास्टिक लाल-निळं करून घेणाऱ्या हौशी माणसाला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. सोसायटीतले शेजारी म्हणतात, गॅरेजवाले म्हणतात, आणि आयुष्यात कधी बॉनेट न उघडलेले नातेवाईक तर छातीठोकपणे म्हणतात. सोलून काढता येणाऱ्या रबरी स्प्रेबद्दलचा हा सगळ्यात चिवट गैरसमज आहे.

मुळात रंग इंजिनाला लागतच नाही. कव्हर म्हणजे इंजिन नव्हे! आवाज थोडा दबावा आणि वायरी-नळ्यांचा पसारा दिसू नये म्हणून वर बसवलेलं ते झाकण असतं. बहुतेक गाड्यांत ते नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचं असतं, आतल्या बाजूला फोम असतो. कित्येक गाड्यांत ते रबरी बुचांवर नुसतं दाबून बसवलेलं असतं. दोन्ही हातांनी वर ओढलं की निघून येतं.

आता उष्णतेचं. या प्रकारातलं सर्वांत परिचित नाव प्लास्टी डिप. पक्कड-पान्यांच्या मुठींवर रबरी आवरण चढवण्यासाठी ते अमेरिकेत वापरात आलं. वाळलेला थर उणे ३४ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, असं उत्पादकच सांगतो. इंजिनातलं कूलंट साधारण ९० ते १०५ अंशांवर खेळतं, हे खरं. पण कव्हर त्या धातूला चिकटलेलं नसतं, मध्ये हवेची पोकळी असते. त्यामुळे त्याचा वरचा पृष्ठभाग सहसा बराच कमी तापतो. शंका असेल त्यानं लांबचा प्रवास करून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजावं. आकडा ८०-९०च्या घरात गेला, तर त्या गाडीसाठी हा रंग नाहीच. टर्बो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यांच्यावरचे पत्रे यांना तर हात लावायचाच नाही. तिथलं तापमान शेकडो अंशांत जातं.

मग आगीची भीती निराधार का? नाही. ती चुकीच्या वेळी वाटते, एवढंच. धोका असतो रंग ओला असताना. अशा स्प्रेत टोल्युइनसारखी अत्यंत ज्वलनशील द्रावकं असतात. टोल्युइनची वाफ ४ अंशांनाही ठिणगीनं पेटू शकते आणि हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचून राहते. तळघरातल्या पार्किंगमध्ये, गरम इंजिनावरच, कव्हर न काढता स्प्रे मारणारे लोक आहेत आणि वाळलेल्या रंगाला घाबरणारेही तेच! कव्हर काढा, मोकळ्या हवेत न्या, तोंडावर द्रावकाच्या वाफेसाठीचा मास्क लावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

धोक्याची दुसरी जागा कव्हरच्या बुचांची. फोक्सवॅगनला २०२२ मध्ये अमेरिकेत गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आर या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण कव्हर सैल होऊन गरम भागांवर पडण्याची आणि वितळून पेट घेण्याची शक्यता होती. तिथे रंगाचा काही संबंध नव्हता. दोष पकडीचा होता. म्हणून रंगवण्याआधी बुचांच्या खोबणींवर मास्किंग टेप लावा, आतल्या फोमवर एक थेंबही उडू देऊ नका, आणि परत बसवताना प्रत्येक कोपरा दाबून घट्ट बसल्याची खात्री करा. काही गाड्यांत एअर फिल्टर कव्हरमध्येच असतो. तिथे हवेची तोंडंही झाकायला हवीत.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘कव्हर रंगवलं की इंजिन तापतं’ : इंजिन थंड ठेवायचं काम कूलंट आणि रेडिएटर करतात, कव्हर नव्हे. ‘पातळ हात दिला की सोलायला सोपं’ : उलट, पातळ थर तुकड्यातुकड्यांनी निघतो. चार-पाच हात द्या, दोन हातांच्या मध्ये अर्धा तास थांबा. आधीच पातळ मारलेला असेल तर वर आणखी हात देऊन मगच सोला. ‘रबर आहे, पेट्रोल सांडलं तरी चालतं’ : पेट्रोलनं तो विरघळतो. ‘आधी घासून घ्यावं लागतं’ : नाही, पण डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश कव्हरवर फासलेलं असेल तर रंग धरणार नाही, भांड्याच्या साबणानं धुऊन, कोरडं करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ‘आरटीओ पकडेल’ : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ‘फेरबदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल, आणि आरसीवर नोंद असते ती बॉडीच्या रंगाची.

आणि उरलेला डबा डिकीत टाकू नका. ५० अंशांवर तापू देऊ नये, अशी सूचना अशा डब्यांवर छापलेली असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पारा सहज त्यापलीकडे जातो.