रावी खोटा असेल तर?

घरातल्या वडीलधाऱ्यांचे बायपास ठरले की आम्ही कागदावर सही करतो आणि अल्लाहवर भरवसा ठेवून दुआ मागत बसतो. ऑपरेशनमध्ये शिरेतून कोणते द्रव दिले जाईल, हे कुणी विचारत नाही. ते डॉक्टर ठरवतात आणि डॉक्टर संशोधनावर विसंबतात. म्हणून ते संशोधन खरे असणे ही आमच्याही जिवाची गोष्ट आहे.

रक्तदाब टिकवण्यासाठी सलाईनसारखे क्षारांचे पाणी, मानवी रक्तातले अल्ब्युमिन किंवा स्टार्चपासून बनवलेले द्रव देतात. यातले चांगले कोणते? एकेक चाचणी लहान असते, म्हणून तज्ज्ञ अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून निष्कर्ष काढतात. गोम इथेच आहे.

जर्मनीचे भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट स्टार्चचे मोठे पुरस्कर्ते होते. २००९ मध्ये हृदयशस्त्रक्रियेतील स्टार्च आणि अल्ब्युमिनची तुलना करणारा त्यांचा निबंध छापून आला. त्यातले आकडे इतके नीटनेटके होते की वाचणाऱ्या डॉक्टरांनाच शंका आली. चौकशीत अभ्यासाला नैतिक समितीची मंजुरीच नसल्याचे आढळले आणि २०१० मध्ये तो निबंध रद्द झाला. पुढच्या वर्षी त्यांचे सुमारे ९० निबंध बाद ठरले.

पण हे निबंध तोवर एकत्रित निष्कर्षांत मिसळून गेले होते. २०१३ मध्ये गंभीर रुग्णांवरील ३८ चाचण्या पुन्हा तपासल्या गेल्या. त्यात बोल्ट यांच्या सात होत्या. त्या धरल्या तर स्टार्चने मृत्यू वाढतात असे ठामपणे म्हणता येत नव्हते. त्या वगळताच मृत्यूचा धोका आणि किडनीचे नुकसान, दोन्ही स्पष्ट दिसले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. हृदयशस्त्रक्रियेत जास्त रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यात होता. २०२२ मध्ये युरोपीय संघाने या द्रवांची विक्री स्थगित केली.

आम्हाला यात नवल वाटत नाही. मुहद्दिसांनी हदीसच्या मजकुराबरोबर सनदही पारखली. खोट्या ठरलेल्या रावीच्या शंभर रिवायती जमवल्या तरी एक सहीह हदीस होत नाही. आलेल्या बातमीची शहानिशा करा, हा सूरह हुजुरातचा आदेशही तेच शिकवतो.

म्हणून संशोधनावर अविश्वास नको, कारण ही चूक डॉक्टरांनीच शोधली. ऑपरेशनआधी मात्र डॉक्टरांना अदबीने विचारा: स्टार्चचे द्रव देणार आहात का? रुग्णाला किडनीचा त्रास असेल तर तो सांगा. विचारणे हा तवक्कुलला विरोध नाही. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.