सेकंदात चार्ज, लाखो वेळा वापर. तरी सुपरकपॅसिटरवर शेतातला पंप का चालत नाही? ‘एमओएफ’ने हे गणित बदलेल का?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं वालूर गाव ओळखलं जातं ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. तिच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. आडातून पाणी काढायचं तर एका वेळी एक-दोन पोहरे. बारवेत मात्र पायऱ्यांवर उभं राहून अनेकांना एकाच वेळी घागर भरता येते.

बॅटरी आणि सुपरकपॅसिटर यांच्यातला फरक साधारण असाच आहे. बॅटरी हा खोल आड, तर सुपरकपॅसिटर ही भरपूर पायऱ्यांची पण उथळ बारव. ही बारव खोल कशी करायची, यावर जगभर काम सुरू आहे.

सुपरकपॅसिटर म्हणजे काय?

लिथियम बॅटरी चार्ज होताना आयन इलेक्ट्रोडच्या आत शिरतात. त्याला वेळ लागतो आणि दर वेळी पदार्थ थोडा झिजतो. सुपरकपॅसिटरमध्ये आयन इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाला नुसते चिकटतात आणि सुटतात. त्यामुळे तो काही सेकंदांत चार्ज होतो आणि लाखो वेळा वापरता येतो. मेट्रोच्या ब्रेकमधून मिळणारी वीज साठवणं, पवनचक्कीची पाती वळवणं, अशा कामांत तो आजही वापरला जातो.

मग अडतं कुठे?

साठवणुकीत. लिथियम बॅटरीत किलोमागे साधारण १५० ते २५० वॅट-तास वीज मावते. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये मावते जेमतेम ५ ते १०.

शेतातल्या ५ एचपी पंपाचं उदाहरण घेऊ. तो तासाला सुमारे ३.७ युनिट वीज घेतो. तासभराची वीज साठवायला लिथियम बॅटरी लागेल साधारण २५ किलोची. किलोमागे ५ वॅट-तास धरले, तर सुपरकपॅसिटर लागेल तब्बल ७४० किलोचा!

पण मोटार सुरू होतानाचं चित्र वेगळं आहे. साध्या स्टार्टरवर मोटार पहिले काही क्षण नेहमीच्या सहापट करंट ओढू शकते. दोन सेकंदांच्या या झटक्यासाठी ढोबळमानाने १२ वॅट-तास पुरतात, म्हणजे अडीच किलोचा सुपरकपॅसिटर. तासभराचं काम बॅटरीचं आणि झटक्याचं काम सुपरकपॅसिटरचं, अशी ही जोडी जमते.

एमओएफ कुठून आलं?

आयन पृष्ठभागावर बसत असतील, तर जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त साठवण. इथे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजेच एमओएफ कामाला येतं. बांधकामाची परांची डोळ्यांसमोर आणा. धातूचे अणू हे तिचे सांधे, कार्बनी रेणू हे बांबू आणि मधली जागा रिकामी. काही एमओएफच्या एक ग्रॅम भुकटीत ७,००० चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग असतो, म्हणजे जवळपास फुटबॉलचं एक मैदान.

याच रचनांच्या शोधासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग ते भट्टीत का घालतात?

कारण बहुतेक एमओएफमधून वीज नीट वाहत नाही. त्यावर उपाय म्हणजे लाकडाचा कोळसा करताना हवा कोंडतात तसं ते ऑक्सिजनविना तापवायचं. ‘झिफ-८’ या जस्ताच्या एमओएफमध्ये तापमान ९०७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जस्ताची वाफ होऊन निघून जाते. मागे उरतो वीज वाहून नेणारा सच्छिद्र कार्बन. कोबाल्टचं ‘झिफ-६७’ हवेत तापवलं तर कोबाल्ट ऑक्साइड मिळतो. तो पृष्ठभागालगतच्या रासायनिक क्रियेतूनही वीज साठवतो. यांनाच एमओएफपासून मिळवलेले इलेक्ट्रोड म्हणतात. अशा कार्बनचा सुपरकपॅसिटरसाठीचा एक सुरुवातीचा प्रयोग जपानमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात काय चाललंय?

कोल्हापुरात सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडवर अनेक वर्षं काम सुरू आहे. शिवाजी विद्यापीठ आणि डी. वाय. पाटील विद्यापीठ ही त्यातली प्रमुख ठिकाणं, तर प्रा. चंद्रकांत लोखंडे हे त्यातलं ठळक नाव. पुण्याच्या आयसर संस्थेत एमओएफवर संशोधन होतं. उत्पादनाच्या बाजूने पाहिलं तर केरळमध्ये कन्नूर इथे केल्ट्रॉनने २०२४ मध्ये सुपरकपॅसिटरचा कारखाना सुरू केला.

दावा वाचताना काय तपासावं?

‘मोबाइल एका मिनिटात चार्ज’ असा मेसेज आला तर तीन गोष्टी पाहा.

१. आकडा कशाचा आहे? प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडवर अनेकदा काही मिलिग्रॅमच पदार्थ असतो. द्रावण, धातूची पत्री आणि डबी धरून किलोमागे किती वीज मावते, हे महत्त्वाचं.

२. वीज टिकते किती? सुपरकपॅसिटर नुसता ठेवला तरी हळूहळू उतरतो आणि त्याचा वेग बॅटरीपेक्षा बराच जास्त असतो.

३. खर्च किती? कोबाल्ट महाग आहे. त्यात एमओएफ बनवायला लागणारी द्रावणं आणि भट्टीची वीजही धरावी लागते.

५,००० एमएएच मोबाइलची वीज साधारण १९ वॅट-तास असते. ती आजच्या सुपरकपॅसिटरमध्ये साठवायची तर त्याचं वजन २ ते ४ किलो होईल. एमओएफवर काम करणाऱ्यांना हेच वजन खाली आणायचं आहे. ते होईपर्यंत खिशात बॅटरीच राहणार.