रात्रीचे पाणी, दिवे आणि दोर

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय मराठी वाचकांस मोडी कागदपत्रांमुळे परिचित आहे. त्याच संग्रहात भोसले कुळातील दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७७७–१८३२) काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांसोबत काढलेली डोळ्यांची चित्रे जतन करून ठेवलेली आहेत. याच राजांनी तंजावूरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, मल्लिपट्टिणमजवळच्या समुद्रकिनारी १८१४-१५ मध्ये मनोरा नावाची आठ मजली षट्‌कोनी वास्तू उभारली. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाचे ते स्मारक होय. दीपगृह म्हणूनही तिचा उपयोग झाला. डोळा आणि दिवा या दोहोंवरच रात्रीच्या नौकानयनाची सारी सुरक्षितता अवलंबून असते. जलस्कीच्या खेळात मात्र ही दोन्ही साधने एकाच वेळी कशी अपुरी पडतात, ते येथे पाहू.

१९२२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने पायांना फळ्या बांधून, मोटारनौकेच्या मागे दोर धरून पेपिन सरोवरावर घसरण्याचा प्रयोग यशस्वी केला. तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला. यातील दोर साधारणतः २३ मीटर लांब असतो आणि नौकेचा वेग ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर धरता येईल. नौका ज्या तरंगत्या ओंडक्याला निसटती चुकवून गेली, त्या जागी खेळाडू दोन सेकंदांच्या आत येऊन पोहोचतो. दिवसा हे दोन सेकंद पुरतात, कारण ओंडका खेळाडूला दुरूनच दिसलेला असतो.

रात्री डोळ्याचे काम निराळ्या रीतीने चालते. नेत्रपटलावर शंकुपेशी आणि दंडपेशी असे दोन प्रकार आहेत. शंकुपेशी उजेडात रंग व बारकावे दाखवितात. दंडपेशी मंद प्रकाशात उपयोगी पडतात. परंतु दंडपेशींना पूर्ण कार्यक्षम होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर दिव्याचा एक झोत ही तयारी क्षणात घालवितो. म्हणून चालकाजवळचा दिवा मंद व तांबडा ठेवतात. दंडपेशींवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम अत्यल्प होतो. शिवाय दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. अंधारातील अंधुक वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते. किंचित बाजूला पाहिले तरच ती जाणवते.

डोळ्याची ही उणीव भरून काढण्यासाठी दिव्यांचे नियम केले गेले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत यांत्रिक नौकेने उजवीकडे हिरवा आणि डावीकडे तांबडा दिवा लावावयाचा असतो. प्रत्येक दिवा समोरून बाजूकडे साडेबाराधिक शंभर, म्हणजे ११२.५ अंशांत दिसतो. पुढील पांढरा दिवा २२५ अंशांत व मागील पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांत दिसतो. या योजनेतील खुबी अशी की, उजवीकडून आडवी येणारी नौका आपणास तिची डावी बाजू, अर्थात तांबडा दिवा दाखविते. आणि अशा नौकेला वाट देणे हे आपले कर्तव्य असते. तांबडा दिसला की थांबावे, हे त्यामुळे सहज ध्यानात राहते.

वाट देताना दुसऱ्या नौकेच्या पुढून न जाता मागून जावे, ही नेहमीची शिस्त आहे. जलस्कीचा धोका नेमका येथेच उद्भवतो. दूरच्या नावाड्याला ओढणाऱ्या नौकेचे दिवे दिसतात; तिच्यामागे पाणी मोकळे आहे असे समजून तो नियमाप्रमाणे मागून वळतो. परंतु त्या काळोख्या पाण्यात २३ मीटरांचा ताणलेला दोर आणि त्याच्या टोकाला जिवंत मनुष्य असतो. नियम मोडणाऱ्याइतकाच नियम पाळणारा नावाडीही त्याच्या जिवावर येऊ शकतो.

खेळाडू पडला तर संकट आणखी वाढते. पाण्यावर नारळाएवढे डोके तेवढे उरते. चालकाला दहा सेकंद उशिरा कळले तरी नौका सव्वाशे मीटर पुढे गेलेली असते आणि परतताना तेच डोके अंधारात शोधावे लागते. यासाठीच दिवसाही नौकेत चालकाखेरीज मागे पाहणारा दुसरा मनुष्य असावा, खेळाडूने तरंगजाकीट घालावे, पडल्यावर हात उंच करून आपण सुखरूप असल्याचे कळवावे आणि त्यास वर घेताना यंत्र बंद करावे, असे संकेत आहेत. रात्री हात दिसत नाही. म्हणून हे संकेत निरुपयोगी ठरतात.

अनेक देशांत रात्री जलस्कीला बंदी आहे. फ्लोरिडा राज्यात ती सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. आपल्याकडे हा अर्धा तास उसना घेणे हिताचे नाही. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. त्यामुळे लंडनला जून महिन्यात कामापुरता संधिप्रकाश सुमारे पाऊण तास टिकतो, तर तंजावूरच्या अक्षांशावर तो बावीस मिनिटांच्या आसपास संपतो.

उशिराच्या फेरीची किंमत केरळाने मोजली आहे. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सूर्यास्तानंतर निघालेली, क्षमतेहून अधिक प्रवासी भरलेली सहलीची नौका उलटली आणि २२ जणांचे प्राण गेले. त्यापूर्वीच भारतात १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम संमत झाला होता. परंतु कायदा पुस्तकात असून भागत नाही. घाटावर उभ्या असलेल्या मनुष्याने घड्याळ पाहून नकार द्यावा लागतो.

म्हणून जलस्कीपुरता नियम सोपा ठेवावा. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास दोर गुंडाळावा. अंधार पडल्यावर नौका पाण्यावर असेलच तर दिवे लावून, वेग कमी करून, मागे कोणालाही न ओढता तिने सरळ किनारा गाठावा.